पंधरा टक्क्यांचा उंबरठा

1980 च्या जानेवारीत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुकांची जाहीर चर्चा झाली. आघाडीवर असलेले रोनाल्ड रेगन तिकडे फिरकलेच नाहीत. आलेल्यांत इलिनॉयमधल्या रॉकफर्डचे खासदार जॉन अँडरसन होते. पांढरेशुभ्र केस, जाड काड्यांचा चष्मा, प्रतिनिधिगृहात घालवलेली जवळजवळ वीस वर्षे, आणि तरीही देशाला फारसे ठाऊक नसलेले नाव. आजवरच्या कारकिर्दीत कशाचा पश्चात्ताप होतो, असा प्रश्न आला. अँडरसन यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की, व्हिएतनाम युद्धाची वाट मोकळी करणाऱ्या टोंकिन आखाताच्या ठरावाला आपण मत दिले, त्याचा.

असे बोलणारा राजकारणी लोकांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. पेट्रोलवर गॅलनमागे 50 सेंट कर लावावा आणि त्या पैशातून पगारदारांवरचा सामाजिक सुरक्षेचा कर कमी करावा, अशी त्यांची मागणी होती. न्यू हॅम्पशायरमध्ये बंदूकमालकांच्या सभेत उभे राहून त्यांनी बंदुकीला परवाना हवा असे सांगितले आणि समोरून हुर्यो ऐकून घेतली. 4 मार्चला मॅसॅच्युसेट्स आणि व्हरमाँट या दोन राज्यांतल्या प्राथमिक फेऱ्यांत ते अगदी थोडक्या मतांनी दुसरे आले. पक्षाचा कल मात्र रेगन यांच्याकडेच होता. तेव्हा 24 एप्रिलला अँडरसन यांनी पक्षाची उमेदवारी सोडून अपक्ष म्हणून रिंगणात उतरत असल्याचे जाहीर केले.

त्यांना पहिला आधार मिळाला तो जनमत चाचण्यांचा. अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यावर लोक नाराज होते आणि रेगन यांच्याबद्दल धास्ती होती. जूनच्या सुमारास चाचण्यांत अँडरसन यांचा आकडा वीस टक्क्यांच्या पुढे गेला. पाचातला एक मतदार आपल्याकडे आहे असे ज्याला दाखवता येते, त्याच्या पत्रकार परिषदेला वार्ताहर येतात, देणगीदार फोन उचलतात, स्वयंसेवक सह्या गोळा करायला निघतात. अमेरिकेत अपक्षाला प्रत्येक राज्यात वेगळ्या नियमाने, वेगळ्या मुदतीत सह्या गोळा करून मतपत्रिकेवर नाव आणावे लागते. दोन मोठ्या पक्षांना प्रचारासाठी सरकारी निधी आधी मिळतो. पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या अपक्षाला तो निकालानंतर मिळतो, तोही 5 टक्के मते पडली तरच. तोवर उसनवारीवर भागवायचे, आणि कर्ज देणारा आधी चाचणीचा आकडा बघणार.

अमेरिकेतली मतमोजणी आपल्यासारखीच आहे: जवळजवळ प्रत्येक राज्यात ज्याला सर्वाधिक मते, त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते. उरलेल्यांच्या हाती काही नाही. त्यामुळे मत वाया जाण्याची भीती तिथल्या मतदारालाही आपल्याइतकीच असते. आपला माणूस शर्यतीत आहे की नाही हे त्याला चाचणीतूनच कळते. चाचणीत नाव नसेल तर तो शर्यतीत नाही असे धरले जाते, आणि तो शर्यतीत नाही म्हणून पुढच्या चाचणीत त्याचे नाव घेतले जात नाही. या फेऱ्यात कितीजण अडकले याची मोजदाद कोणीच ठेवलेली नाही, कारण ज्यांना विचारातच घेतले नाही त्यांचा आकडा कुठून येणार?

1976 मध्ये अध्यक्षीय उमेदवारांच्या वादसभा भरवण्याचे काम लीग ऑफ विमेन व्होटर्स या महिला मतदारांच्या जुन्या, पक्षनिरपेक्ष संस्थेने हाती घेतले होते. त्या वर्षी अपक्ष उभे असलेले माजी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना बोलावले नाही म्हणून कज्जा झाला होता. 1980 मध्ये तो वाद नको म्हणून लीगने निकष आधीच जाहीर केले. उमेदवार घटनेनुसार पात्र असावा. निवडून येण्याला लागणारी 270 निर्वाचक मते जमतील इतक्या राज्यांत त्याचे नाव मतपत्रिकेवर असावे. आणि राष्ट्रीय चाचण्यांत त्याला 15 टक्के पाठिंबा असावा.

हा पंधराचा आकडा कुठून आला? कोणत्याही कायद्यातून नाही, कोणत्याही गणितातून नाही. फार कमी नको आणि फार जास्त नको, असा तो लीगच्या मंडळींचा अंदाज होता. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण त्या दिवशी एक मोठी गोष्ट घडली आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. तोवर चाचणी म्हणजे लोकांच्या मनाचा अंदाज घेण्याचे साधन होते. आता तिच्या हाती दाराची किल्ली आली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला अँडरसन यांनी तो उंबरठा जेमतेम ओलांडला आणि लीगने त्यांना बोलावले. कार्टर यांनी येण्यास नकार दिला. दोन रिपब्लिकनांशी एकट्याने का वाद घालावा, असा त्यांच्या गोटाचा युक्तिवाद होता. मंचावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवावी अशी कल्पना निघाली आणि मागेही पडली. 21 सप्टेंबरला बाल्टिमोरमध्ये रेगन आणि अँडरसन दोघेच बोलले. अँडरसन चांगले बोलले, पण अध्यक्षच नसलेल्या त्या सभेला अंतिम सामन्याचे वजन आले नाही. त्यानंतर त्यांचा आकडा घसरत गेला आणि पंधराच्या खाली आला. रेगन यांनीही अँडरसन हवेतच हा आग्रह सोडला. 28 ऑक्टोबरला, मतदानाच्या बरोबर आठवडाभर आधी, क्लीव्हलँडमध्ये कार्टर आणि रेगन समोरासमोर आले. ती वादसभा सुमारे 8 कोटी लोकांनी पाहिली.

त्या रात्री वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये जे चालले होते ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके दृश्य वाटते. सीएनएन ही वाहिनी तेव्हा अवघी पाच महिन्यांची होती. तिने ठरवले की क्लीव्हलँडमधले प्रश्न अँडरसन यांनाही विचारायचे आणि त्यांची उत्तरे मध्ये घालून तिघांची वादसभा दाखवायची. ज्येष्ठ पत्रकार डॅनियल शोर समोर बसलेल्या श्रोत्यांदेखत प्रश्न वाचत होते आणि अँडरसन उत्तरे देत होते. तिकडे कार्टर-रेगन यांची उत्तरे टेपवर घ्यायची, थांबवायची, अँडरसन यांचे उत्तर संपले की पुन्हा सुरू करायची. यंत्रसामग्री नवी, माणसे थोडी. टेप मागेपुढे झाल्या, आवाज आणि चित्र यांचा मेळ चुकला. तरी कार्यक्रम पार पडला. पाहणारे फार थोडे होते, कारण केबल अजून मोजक्याच घरांत पोचली होती. पण आठ कोटींच्या सभेतून वगळलेल्या माणसाला कोणीतरी त्याच प्रश्नांसमोर उभे केले, हे त्या रात्री घडले.

4 नोव्हेंबरला अँडरसन यांना 6.6 टक्के, म्हणजे सुमारे 57 लाख मते पडली. 5 टक्क्यांची अट पुरी झाल्याने सरकारी निधी मिळाला, पण निवडणूक संपल्यावर. ओहायोने अपक्षांसाठी मार्चमध्येच अर्जाची मुदत संपवली होती, त्याविरुद्धचा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1983 मध्ये ते जिंकले. पुढच्या प्रत्येक अपक्षाला त्या निकालाचा उपयोग झाला आहे. मतपत्रिकेचे दार न्यायालयाने असे थोडे उघडले, पण चाचणीचे दार न्यायालयाने उघडले नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. चाचणी घेणारे म्हणतात की, तिसऱ्याचे नाव घेतले की त्याचा आकडा फुगतो. वैतागलेला मतदार फोनवर सहज तिसरे नाव सांगतो आणि मतदानाच्या दिवशी दोघांपैकी एकाकडे परततो. 1968 मध्ये अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस सप्टेंबरअखेर गॅलप या संस्थेच्या चाचणीत 21 टक्क्यांवर होते, प्रत्यक्षात त्यांना साडेतेरा पडले. अँडरसन यांचे तेच झाले. 1948 ची निवडणूक आज गॅलपच्या फजितीसाठी आठवली जाते, कारण ड्यूई जिंकतील असे सांगितले आणि ट्रुमन जिंकले. पण त्या चाचणीत हेन्री वॉलेस आणि स्ट्रॉम थर्मंड हे दोन मोठ्या पक्षांबाहेरचे उमेदवारही होते, आणि त्यांचे शेवटचे आकडे निकालाच्या फार दूर नव्हते. म्हणजे धंद्याच्या उमेदीच्या काळात चारही नावे विचारली जात होती. चूक झाली ती मोठ्या दोघांच्या बाबतीत.

आकडा फुगतो हे खरे. पण तो फुगा पुढे आपोआप फुटतो की फोडला जातो, हे चाचणी घेणारे सांगत नाहीत. ज्याला शेवटच्या सहा आठवड्यांत व्यासपीठ मिळाले नाही त्याचा आकडा घसरणारच. उलट ज्यांना व्यासपीठ मिळाले त्यांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे.

1992 मध्ये टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो यांनी फेब्रुवारीत लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात सांगितले की, लोकांनी पन्नासही राज्यांत माझे नाव मतपत्रिकेवर आणले तर मी उभा राहीन. लोकांनी आणले. जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत ते 39 टक्क्यांवर होते, अध्यक्ष थोरले बुश 31 आणि डेमोक्रॅट बिल क्लिंटन 25. अपक्ष माणूस पहिल्या क्रमांकावर! जुलैत ते अचानक बाहेर पडले आणि 1 ऑक्टोबरला परतले तेव्हा चाचण्यांत त्यांना दहाही टक्के मिळत नव्हते. पंधराचा नियम लावला असता तर ते बाहेरच राहिले असते. पण त्या वर्षी बुश आणि क्लिंटन दोघांनाही ते हवे होते, म्हणून तिन्ही वादसभांत त्यांना जागा मिळाली. दूरचित्रवाणीवर अर्धा-अर्धा तास वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून, ते राष्ट्रीय कर्जावर बोलत राहिले. निकालात त्यांना 18.9 टक्के मते पडली, म्हणजे महिन्याभरात दुपटीहून अधिक. निर्वाचक मत एकही मिळाले नाही, पण सुमारे 1 कोटी 97 लाख मतदारांनी त्यांचे नाव निवडले.

चार वर्षांनी त्याच पेरो यांना वगळले गेले. तोवर वादसभा लीगच्या हातातून गेल्या होत्या. 1987 मध्ये दोन्ही पक्षांच्या तत्कालीन अध्यक्षांनी, रिपब्लिकनांचे फ्रँक फाहरेनकॉफ आणि डेमोक्रॅटांचे पॉल कर्क यांनी, अध्यक्षीय वादसभांचा स्वतंत्र आयोग स्थापन केला. 1988 मध्ये दोन्ही प्रचारांनी परस्पर ठरवलेल्या अटी पाहून लीगने जाहीर निषेध करत अंग काढून घेतले. 1996 मध्ये आयोगाने पेरो यांच्या विजयाची वास्तव शक्यता नाही असे ठरवले. मागच्या निवडणुकीच्या मतांवर त्यांना सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलर सरकारी निधी मिळालेला होता. म्हणजे सरकारने ज्याला पैसे देण्याइतका गंभीर उमेदवार मानला, तो बोलायला मात्र लायक नव्हता. निवडणुकीनंतर क्लिंटन यांचे सल्लागार जॉर्ज स्टेफनॉपुलस यांनी हार्वर्डमधल्या एका चर्चेत मोकळेपणाने सांगितले की, रिपब्लिकन उमेदवार डोल यांच्या गटाला पेरो नको होते, आम्ही ते मान्य केले आणि त्या बदल्यात वेळापत्रकासह आम्हाला हवे ते सगळे मिळवले. पेरो 8.4 टक्क्यांवर आले.

सर्वांत ठसठशीत उदाहरण त्यानंतर दोन वर्षांनी मिनेसोटात घडले. 1998 ची गव्हर्नरपदाची निवडणूक. डेमोक्रॅटांकडून ह्यूबर्ट हम्फ्री तिसरे, राज्याचे महाधिवक्ता आणि माजी उपराष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. रिपब्लिकनांकडून सेंट पॉलचे महापौर नॉर्म कोलमन. आणि रिफॉर्म पक्षाकडून जेसी व्हेंचुरा: नौदलात पाणबुड्या सैनिक, मग गळ्यात पिसांची माळ घालून आखाड्यात उतरणारा व्यावसायिक कुस्तीगीर, चित्रपटांत नट, ब्रुकलिन पार्कचा माजी महापौर, रेडिओवरचा निवेदक. शरद ऋतूच्या तोंडावर चाचण्यांत त्यांना दहाच्या आसपास टक्के होते. पंधराचा उंबरठा इथे असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

पण मिनेसोटात तो नव्हता. शिवाय हम्फ्री यांना वाटत होते की, व्हेंचुरा कोलमन यांची मते खातील, म्हणून त्यांनीच त्यांना वादसभांत घ्यावे असा आग्रह धरला. गावोगावच्या सभांत व्हेंचुरा सरळ बोलत, एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणत. आकडा विसाच्या वर गेला. त्या आकड्यावर एका छोट्या बँकेने कर्ज दिले, त्यातून दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती झाल्या. त्यांतली एक तर खेळण्यातल्या बाहुल्यांची होती: व्हेंचुराचा बाहुला हितसंबंधीयांच्या बाहुल्याशी झुंजतो. शेवटचे 72 तास त्यांनी गाडी घेऊन राज्यभर फेरी मारली.

मतदानाच्या आदल्या आठवड्यातही चाचण्या त्यांना तिसऱ्याच क्रमांकावर दाखवत होत्या. निकाल लागला: व्हेंचुरा 37 टक्के, कोलमन 34, हम्फ्री 28. सुमारे पावणेआठ लाख मते. चाचणी का चुकली, त्याचे उत्तर मतदान केंद्रांवरच्या रांगांत होते. मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून मत देता येते. त्या दिवशी तीन लाखांहून अधिक लोकांनी तसे केले. अनेक तरुण होते, अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा मत दिले. चाचणी घेणारे मात्र ‘मतदान करण्याची शक्यता असलेले’ लोक निवडून त्यांनाच प्रश्न विचारत होते. जो मतदार तिसऱ्या उमेदवारामुळे पहिल्यांदा घराबाहेर पडणार, तो त्यांच्या चाळणीत आधीच गळून गेला होता. म्हणजे नाव घेतले तरी पुरत नाही. कोणाला विचारायचे हेही दोन पक्षांच्या सवयीने ठरलेले असते.

या निकालानंतर दरवाजा रुंद होईल असे वाटावे. झाले उलटे. जानेवारी 2000 मध्ये आयोगाने पाच राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी 15 टक्के हवी, असा पक्का नियम केला. लीगचाच जुना आकडा उचलला. हजार माणसांच्या चाचणीत पंधराच्या आसपासच्या आकड्याला दोन-सव्वादोन टक्क्यांची इकडेतिकडे चूक असते. म्हणजे 14 आणि 16 यांतला फरक चाचणी धडपणे सांगू शकत नाही, आणि कोण बोलणार हे त्याच फरकावर ठरणार. त्या ऑक्टोबरात ग्राहक चळवळीतून आलेले अध्यक्षपदाचे उमेदवार राल्फ नेडर बोस्टनमधल्या वादसभेच्या ठिकाणी शेजारच्या सभागृहातून ती पडद्यावर पाहण्याचे तिकीट घेऊन गेले. पोलिसांसह आलेल्या माणसाने त्यांना परत पाठवले. नेडर बोलणार नव्हते, फक्त पाहणार होते.

नेडर यांच्यामुळे फ्लोरिडा धाकट्या बुश यांना मिळाले, असे आजही लोक म्हणतात. 537 मतांचा तो फरक आणि नेडर यांची तिथली सत्त्याण्णव हजारांहून अधिक मते पाहता ते समजण्यासारखे आहे. पण जो उमेदवार निकाल फिरवू शकतो, त्याला चाचणीत आणि मंचावर ‘इतर’ म्हणून ढकलणे शहाणपणाचे कसे? उलट अशा माणसाचा आकडा सर्वांत काळजीने मोजायला हवा, आणि त्याला कठीण प्रश्नही विचारायला हवेत.

2016 मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन पन्नासही राज्यांत आणि राजधानीत मतपत्रिकेवर होते, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन 44 राज्यांत. अनेक चाचण्या तरीही फक्त हिलरी क्लिंटन की ट्रम्प इतकेच विचारत आणि तोच आकडा मथळ्यात छापला जाई. सप्टेंबरात आयोगाची सरासरी निघाली: जॉन्सन 8.4, स्टाइन 3.2. दोघे बाहेर. शेवटी त्यांना 3.3 आणि 1.1 टक्के पडले. स्टाइन सर्व राज्यांत नसताना राष्ट्रीय चाचणीत त्यांचे नाव सगळ्यांना विचारणे चूक आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्याला उपायही सोपा आहे: ज्या राज्यात जी मतपत्रिका, त्या राज्यात तीच नावे. आता चाचणीची यादी संगणकावर असते, ती राज्याप्रमाणे बदलायला कितीसा वेळ लागतो?

2024 मध्ये बायडन आणि ट्रम्प यांनी आयोगालाच बाजूला सारले आणि वाहिन्यांशी थेट ठरवले. 27 जूनची अटलांटातली वादसभा सीएनएनची होती. अट तीच: चार चाचण्यांत 15 टक्के, शिवाय 270 निर्वाचक मतांपुरती मतपत्रिका. अपक्ष उभे असलेले रॉबर्ट केनेडी धाकटे यांच्याकडे तीन चाचण्या होत्या. ज्या वाहिनीने 44 वर्षांपूर्वी टेप मागेपुढे करत अँडरसन यांना आत घेतले होते, तिनेच आता मोजून बाहेर ठेवले. केनेडी यांची अनेक मते मला पटत नाहीत. पण न पटणारी मते कोट्यवधी लोकांसमोर प्रश्नांना सामोरी जावीत, यासाठीच तर वादसभा असते. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रचार थांबवला आणि बहुतेक चाचण्यांतून त्यांचे नाव गेले. मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवर मात्र ते न्यायालयाच्या आदेशाने कायम राहिले. तिथल्या मतदारापुढे जी यादी होती ती चाचणी घेणाऱ्यांच्या यादीहून वेगळी होती.

ज्याचे नाव मतपत्रिकेवर छापले जाणार, त्याचे नाव चाचणीत घेतलेच पाहिजे. दोघांतला सरळ सामना हवा असेल तर तो दुसरा प्रश्न म्हणून विचारावा, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. पंधराचा उंबरठा तर निम्म्याहून खाली यावा. सरकारी निधीसाठी कायद्याने मानलेले 5 टक्के आधीच समोर आहेत.

न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, टेक्ससमध्ये स्थायिक होऊन तिथले मतदार झालेले मराठी लोक आता पुष्कळ आहेत. 2028 मध्ये त्यांनाही चाचणीचे फोन येतील. तुमच्या मनातले नाव वाचून दाखवलेल्या यादीत नसेल, तर दोघांपैकी एकाचे नाव घेऊन फोन ठेवू नका. आपले नाव सांगा, आणि ते जसेच्या तसे नोंदवून घ्यायला लावा.